आवाजांना जागा करून देणारा सुगत

सुगत गेल्याचं मला साताऱ्यात, कारखान्याच्या गेटवरच्या फोनवर कळलं. वॉचमननं आत निरोप पाठवला की सांगलीहून कुणी बाई बोलतायत. गेटपर्यंत चालत येईतो माझ्या डोक्यात पुढच्या रविवारचा विचार होता. मिरजेला जायचं, जाताना त्याला सोसतील अशी बिनसाखरेची बिस्किटं घ्यायची, असलं काहीतरी. रिसीव्हर कानाला लावला तर कुसुमवहिनी. त्या रडत नव्हत्या. "भाऊजी, हे गेले सकाळी," एवढंच म्हणाल्या. मग थोडं थांबून, "लोणंदला नेतोय. आबांना अजून सांगितलं नाही." आबा म्हणजे सुगतचे वडील. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली, पण कान आणि समज शाबूत. "कोण सांगणार?" मी विचारलं. "तेच कळत नाही..." त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याला आता काही आठवडे झाले. सुगतविषयी कुठं दोन ओळी छापून आल्या नाहीत. येण्यासारखं त्यानं काय केलं असं कुणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येणार नाही, कारण त्यानं जे केलं ते जवळजवळ उरलेलंच नाही. दाखवायला हातात चार-दोन कॅसेटींपलीकडं काही नाही. पण ते होत असताना मी बरीच वर्षं त्याच्या शेजारी होतो, आणि तेवढ्याच आधारावर हे लिहितोय.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सांगलीतल्या एका तंत्रनिकेतनात आम्ही दोघं मागंपुढं रुजू झालो. मी कोरेगावकडचा, आमच्या घरात ऊस आणि फौज या दोनच गोष्टी. सुगत लोणंदचा. त्याचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तो पुण्याच्या एका कारखान्यात काही वर्षं युनिक्स प्रणालीवर चालणारे संगणक सांभाळून आला होता. उंच, जरा वाकून चालणारा, जाड काचेचा चष्मा. चष्म्यामुळंच फौजेत घेतला नाही, असं तो सांगायचा आणि वर म्हणायचा, "आबा मला अजून माफ करत न्हाईत गड्या." वर्गात तो स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचा. माझ्याशी मात्र पहिल्याच चहाला लोणंदचं बोलणं काढलं, कारण मी 'व्हय' म्हणालो होतो. काम करताना त्याला गुणगुणायची सवय होती, आणि तो इतका बेसूर होता की शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घ्यायचे. त्याचं त्यालाही ठाऊक होतं. एकदा मी हसलो तेव्हा म्हणाला, "बाप गाणारा असून माझा गळा असा. त्येंनी लय शिकवून बघितलं, शेवटी हात टेकलं."

बाप गाणारा, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला आले आणि नंतर महिनाभर सुगतच्या विश्रामबागच्या दोन खोल्यांत राहिले. डोळ्यांवर हिरवी पट्टी, वाचता येत नाही, फिरता येत नाही. एका संध्याकाळी मी भेटायला गेलो तर म्हातारा भिंतीला टेकून गात होता. गाणं विहिरीचं होतं. कुणाची विहीर, कुणी पाणी काढायचं आणि कुणी लांब उभं राहायचं, त्याचं. आबा तरुणपणी, फौजेत जायच्या आधी, चळवळीच्या एका जलशात होते. गावोगाव रात्र रात्र जागवणारे ते जलसे. गाणी, सवालजवाब, मधेच भाषण, शाळा शिका, मेलेली जनावरं ओढू नका असं सगळं. "मी मागं उभा ऱ्हायचो," आबा म्हणाले, "झील धराय. पुढं गाणारं लोक निराळंच. त्येंच्यापुढं माझं काय न्हाई." सुगतनं विचारलं, ते लोक आता कुठं आहेत. आबांनी बोटांवर मोजत नावं सांगितली. बरीचशी वारली होती. काही खटावात, माणात, तासगावकडं असावीत असं त्यांना वाटत होतं. त्या म्हाताऱ्या माणसांनी गाणी कुठं लिहून ठेवली असतील का, असं मी विचारलं, तर आबा पट्टीखालून हसले. "लिवणारं कोण हुतं बाबा तवा?"

तिथून आमचे रविवार सुरू झाले. माझी मोटरसायकल, त्याचा टेपरेकॉर्डर, पिशवीत कॅसेटी. आबांनी सांगितलेल्या गावी जायचं, बौद्धवाड्यात चौकशी करायची, माणूस जिवंत असला तर त्याच्यापुढं बसायचं. सुगतचा एक नियम होता. कॅसेटवरचा आवाज कॉलेजच्या संगणकात घेतला की मूळ कॅसेट तो पुढच्या फेरीला त्या घरी नेऊन द्यायचा. मी म्हणालो, अरे आपल्याकडं असू दे की. तो म्हणाला, "आवाज त्येंचा हाय. आपल्याकडं नक्कल असली म्हंजी झालं." यावर तो कधी ढळला नाही, आणि त्या वेळी मलाही ते योग्यच वाटलं. आजही अयोग्य म्हणवत नाही.

पण आवाजाला संगणकात जागा फार लागते. आमच्या साध्या संगणकांत चार-दोन म्हातारी माणसं मावून जागा संपायची. त्याच सुमाराला साताऱ्याच्या एका कंपनीनं आपली जुनी युनिक्सची यंत्रणा बदलली आणि जुनी आमच्या कॉलेजला दिली. कपाटाएवढं यंत्र, सोबत चार डिस्कची एक वेगळी पेटी. प्राचार्य भला माणूस होता. मुलांना शिकवून उरलेली जागा गाण्यांना वापरायला त्यांनी सुगतला आनंदानं परवानगी दिली. ते यंत्र आलं त्या दिवशी सुगत जेवायचा विसरला.

त्या यंत्रात एक सोय होती, तिला व्हॉल्यूम म्हणत. मला ती सुगतनंच समजावली, कँटीनच्या टेबलावर पाण्यानं रेघा ओढून. "चार भावांची चार रानं हायत असं समज. आता पतूर काय, ज्येची त्येची हद्द. एकाचं रान भरलं तर दुसऱ्याचं मोकळं असून उपेग न्हाई. आता आपुन मधलं सगळं बांध काढलं. सलग एकच रान केलं. मग त्यात पायजे तेवढ्या जागेला बांध घालायचा, आणि उद्या कमी पडली तर बांध सरकवायचा. आतलं पीक न उपटता."

मी म्हणालो, "आमच्यात बांध सरकवला की डोकी फुटतात रं."

"आमच्या बापजाद्याला बांधच न्हवता," तो म्हणाला, "म्हणून मला सरकवायला भ्या वाटत न्हाई."

हे तो हसत म्हणाला खरा, पण प्रत्यक्षात त्या यंत्रापुढं त्याच्याइतका भिऊन वागणारा माणूस मी पाहिला नाही. त्यानं पहिले कित्येक आठवडे त्यात एकही गाणं ठेवलं नाही. नुसत्या निरुपयोगी फाइली भरायच्या, व्हॉल्यूम वाढवायचा, तपासायचा, मुद्दाम बिघडवायचा, परत उभा करायचा. कुठली आज्ञा आधी आणि कुठली नंतर, यात चूक झाली तर आतलं सगळं कसं चिरडतं ते त्यानं स्वतः चिरडून पाहिलं. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती, त्याही निराळ्या डिस्कवर, अशी मांडणी त्यानं केली. तिला मिरर म्हणतात. दोन डिस्क गाण्यांना आणि दोन त्यांच्या प्रतीला. म्हणजे निम्मी जागा गेली. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाला, "ही जुनी डिस्क हाय. कवातरी मरणारच. मरायच्या आधी सोय करायची का मेल्यावर?" आणि व्हॉल्यूमना त्यानं तालुक्यांची नावं दिली. खटाव, माण, फलटण, तासगाव. कुणाला किती जागा द्यायची हे आधी ठरवलं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला किती आठवेल हे आधी कसं सांगणार, असं त्याचं म्हणणं. जसं आठवेल तसा बांध सरकवायचा.

आबा पुढच्या खेपेला आले तेव्हा सुगत त्यांना कॉलेजात घेऊन आला. त्यांना मायक्रोफोनपुढं बसवून त्यांची सगळी गाणी थेट संगणकात घेतली, मध्ये कॅसेटची भानगडच नाही. दोन-तीन दिवस चाललं होतं. आबा झील, म्हणजे मागच्यांनी उचलायची ओळ, म्हणून दाखवायचे आणि म्हणायचे, पुढचं मी गाणार न्हाई, ते माझं न्हवं. सुगत म्हणायचा, तुम्हाला येतंय की, गावा. मग ते लाजत लाजत पुढचंही गायचे. शेवटच्या दिवशी सुगतनं त्यांचंच विहिरीचं गाणं लावलं आणि ते चालू असताना पेटीमागं हात घालून एका डिस्कची वायर उपसली. मी उठून उभाच राहिलो. गाणं तसंच चालू राहिलं, एक शब्दही तुटला नाही. आबांना काय झालं ते समजावून सांगितलं. ते त्या पेटीकडं वळले. म्हणाले, "म्हंजी मी मेलो तरी ह्यात गात ऱ्हाणार." सुगत म्हणाला, "व्हय आबा." मी सुगतला त्या दिवसाइतका समाधानी नंतर पाहिला नाही.

जनाबाई आम्हाला फार उशिरा सापडल्या. खटाव तालुक्यातल्या एका आडगावी, मुलीच्या घरी राहत होत्या. त्या एका जलशाच्या म्होरक्याची बायको. नवरा कधीच वारला होता, पण त्याचा सगळा जलसा बाईंच्या तोंडात होता. स्वतः कधी फडावर उभ्या राहिल्या नव्हत्या. नवरा घरी तालीम घ्यायचा आणि ह्या भाकऱ्या थापता थापता ऐकायच्या, एवढंच. वय कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळे गेलेले, पाय गेलेले, आवाज मात्र लोखंडी. सुगतनं जयभीम करून बाजूला बसत ओळख सांगितली आणि विहिरीचं गाणं मागितलं. माझ्याकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "आन हे पाव्हणं कुणाचं?" मी आडनाव आणि गाव सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला. मग सुगतला म्हणाल्या, "विहिरीचं नगं मग. दुसरं म्हणते." सुगत म्हणाला, "म्हणा आजी. त्यो त्येच्यासाठीच आलाय." त्यांनी गाणं म्हटलं, माझ्या दिशेला तोंड करून, कडव्यामागून कडवं. आबांना त्यातली दोनच कडवी ठाऊक होती. संपल्यावर म्हणाल्या, "राग नगा मानू." मी म्हणालो, "न्हाई आजी." मग त्यांनी मुलीला चहा टाकायला सांगितला. परत येताना सुगत मागं बसला होता. लांब आल्यावर म्हणाला, "हिला सगळं येतंय मोहन. सगळं."

खरोखरच सगळं येत होतं. आम्ही दर रविवारी जायचो, बाई थकेपर्यंत म्हणायच्या, आणि पुढच्या खेपेला आणखी आठवलेलं तयार ठेवायच्या. खटावचा बांध सरकत सरकत गेला आणि एक दिवस सरकवायला रान उरलं नाही. प्राचार्यांनी नव्या डिस्कसाठी वर मागणी पाठवली. तिचं उत्तर कधी येईल ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्या यंत्राची टेपवर नक्कल काढायची सोय कंपनीनं देतानाच काढून ठेवली होती, आणि सीडी लिहिणारं यंत्र तेव्हा सांगलीत कुणाकडं असल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. दरम्यान जनाबाईंना ताप येऊन गेला. पुढच्या रविवारी आवाज अर्धा झाला होता.

सोमवारी दुपारी सुगत माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मिरर काढतो."

मी म्हणालो, "थांब की जरा. डिस्क येईल."

"तिला थांबाय सांगू का?"

"मग कॅसेटीवर राहू दे. नंतर भरू."

"कॅसेटीबी आता जुन्याच वापरतोय. दोन आवळल्या गेल्या मशीनमदी. त्या बाईचं परत म्हणून घेता येणार न्हाई रं." तो खुर्चीवर बसला. "हिकडं जी हायत ती हायत. त्येंची एक प्रत तर ऱ्हातीच. पण ती जे म्हणायची ऱ्हायलीय त्येची एकबी प्रत न्हाई."

आजही मला दुसरं उत्तर सुचत नाही. त्यानं ते कामही नेहमीच्याच काळजीनं केलं. मिररच्या दोन्ही प्रती आधी ताडून पाहिल्या, मग एक सोडवली, मोकळ्या झालेल्या जागेची तपासणी केली, ती जोडली, खटावचा व्हॉल्यूम वाढवला, पुन्हा सगळी गाणी उघडून ऐकली. हात जराही चुकला नाही. संपल्यावर खिडकीशी जाऊन उभा राहिला. "नवी डिस्क आली की पैलं काम हेच," म्हणाला.

जनाबाईंनी आणखी काही रविवार दिले. शेवटच्या खेपेला त्यांनी गाणं म्हटलं नाही. नवऱ्यानं फडावर करायचं भाषण होतं, ते तोंडपाठ म्हणून दाखवलं, एका दमात, पुरुषी आवाजात. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. त्यांच्या सगळ्या कॅसेटी सुगत त्यांच्या मुलीला देऊन आला. त्याच उन्हाळ्यात लोणंदला आबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सुगत मला म्हणाला होता, "बरं झालं मोहन, त्येंचं घेऊन ठिवलं."

नव्या डिस्कला मंजुरी आली, पण डिस्क आली नाही. पावसाळा संपता संपता एका सकाळी पेटीतून टकटक असा आवाज येऊ लागला. ज्यानं तो एकदा ऐकलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. सुगतनं यंत्र ताबडतोब बंद केलं. परत चालू केलं तेव्हा तीन डिस्क उठल्या, चौथी उठली नाही. फाइलींचा सगळा ठावठिकाणा नेमका त्या चौथीवर. शिवाय व्हॉल्यूम वाढवत वाढवत गेल्यामुळं एकेका गाण्याचे तुकडे चारही डिस्कवर विखुरलेले. त्यानं खूप प्रयत्न केले. डिस्क पुण्याला पाठवली, तिथून मुंबईला गेली. परत आली ती सोबत एक चिठ्ठी घेऊन. आत तबकडीवर चरा पडलाय, काही निघणार नाही. उरलेल्या तीन डिस्कवरून तो महिनोन्‌महिने तुकडे उकरत होता. मी एकदा कान लावून ऐकले. कुणाची तरी अर्धी ओळ, मग खरखर, मग दुसऱ्याच कुणाचा खोकला. कोण कुठलं तेही कळेना. खटावचा म्हातारा की माणचा... आबांच्या गाण्यातला एक सलग तुकडा तरी निघावा म्हणून तो झटला. निघाला नाही.

मग आम्ही कॅसेटी परत मागायला निघालो. तीच गावं, तीच घरं. त्या रविवारांची आठवण मला नकोशी वाटते. कुणाची कॅसेट पत्र्याखाली उन्हानं वाकडी झाली होती. कुणाच्या घरात बुरशी चढून फीत चिकटली होती. एका घरात म्हातारा वारल्यावर त्याच्या कपड्यांबरोबर कॅसेटही नदीवर सोडली होती, का तर त्याची लाडकी वस्तू. काही मोजक्या नीट सापडल्या, त्या आम्ही जपून आणल्या. जनाबाईंच्या घरी गेलो तेव्हा मुलीनं हौसेनं डबा आणला. सगळ्या कॅसेटी होत्या, एकही हरवली नव्हती. सुगतनं पहिली लावली. बँडबाजा वाजला. दुसरीत कुणीतरी माइकवरून आहेराची नावं पुकारत होतं. नातवाचं लग्न झालं होतं आणि घरात कॅसेटी पडूनच आहेत म्हणून त्यांनी सगळं लग्न त्यांच्यावर भरून घेतलं होतं. मुलगी म्हणाली, "आईचंबी हाय की मागनं कुठंतरी. न्हाई व्हय?" सुगतनं सगळ्या कॅसेटी शेवटपर्यंत ऐकल्या. मग तिला म्हणाला, "लग्न चांगलं झालं ताई." कॅसेटी डब्यात घातल्या, झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात दिला. त्या बाईला काय गेलं ते त्यानं कळू दिलं नाही.

त्यानंतरही तो मुलांना व्हॉल्यूमचा धडा शिकवत राहिला. एकदा मी वर्गाबाहेरून जात होतो. तो फळ्यावर नियम लिहीत होता. वाढवण्याआधी प्रत घ्या. दोन प्रती एका डिस्कवर ठेवू नका. मिरर काढू नका. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण जागाच शिल्लक नसली तर?" तो खडू हातात धरून उभा राहिला. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मग तो म्हणाला, "तर काढावा लागतो." आणि त्यानं पुढचा मुद्दा घेतला.

सुगतला साखरेचा आजार बरीच वर्षं होता. कुसुमवहिनी म्हणतात, त्या पेटीनं त्यांना नेलं. तसं मला वाटत नाही. मूत्रपिंडं आधीपासूनच खराब होत आली होती, आणि डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. पण गाणी गेल्यावर तो पथ्य पाळेनासा झाला, हेही खरं. मी तोवर साताऱ्याच्या कारखान्यात नोकरी धरली होती. त्याचे पाय सुजले, मग मिरजेला आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घेणं सुरू झालं. मी जमेल त्या रविवारी जाऊन बसायचो. शेवटच्या भेटीत तो बाहेरच्या बाकावर होता, अंगावर शाल, हाताला पट्टी. मी उगाच धीर द्यायला म्हणालो, "आता नव्या मोठ्या डिस्क आल्यात रं, एकेकीत आपली चारही मावतील. बरा हो, परत फिरू." त्यानं शाल ओढून घेतली. "कुणाकडं फिरायचं?" म्हणाला. मला एकही नाव आठवलं नाही. मग तोच म्हणाला, "ज्येंनी आपल्यापुढं गायलं, त्येंना वाटलं आता सुटलो, ठिवलं जपून. मरताना तसंच वाटत असंल त्येंना. ते बरं का वाईट, मला ठरवता येत न्हाई गड्या..." आतून नर्सनं हाक मारली. तो उठला, शाल बाकावर राहिली, ती मी त्याच्या मागून नेऊन दिली.

आबांना कुणी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. सुगतला आणून ओट्यावर ठेवला तेव्हा दार उघडं होतं आणि त्यांना खाटेवरून सगळं दिसलं.

गेल्या आठवड्यात मी लोणंदला जाऊन आलो. बाजाराचा दिवस होता, स्टेशनपासून त्यांच्या घरापर्यंत कांद्याच्या गाड्या लागलेल्या. कुसुमवहिनी आता तिथंच राहतात, आबांचं करायला दुसरं कुणी नाही. मी आबांच्या पायाशी बसलो. ते माझ्याकडं बघत होते, ओळखत होते. उन्हं कलली तशी त्यांनी डावा हात पांघरुणातून काढला आणि खाटेच्या कडेच्या पट्टीवर बोटांनी ठेका धरला. एक ठेका, मग जरा थांबून दुसरा, निराळ्या चालीचा. मी वहिनींकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "हे दर शनिवारी यायचे ना, तेव्हा याच वेळेला इथं बसायचे. आबा ठेका धरायचे आणि हे त्यावरनं गाणं ओळखून म्हणायचे. चुकलं की आबा बोटं थांबवायचे. परत म्हणायला लावायचे. कसले बेसूर म्हणायचे, भाऊजी... पण आबांना चालायचं. एकेक गाणं सारं जमवत आणलं होतं दोघांनी." मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला येतं का त्यातलं काही?" त्या म्हणाल्या, "मी आत स्वैपाकात असायची. मला वाटलं, त्यांना येतंय की."

आबांचा ठेका चालू होता. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. त्या ठेक्यात मला काही ऐकू येतंय का म्हणून मी खूप कान दिला. विहिरीचं असेल, शाळेचं असेल, आणखी कुठलं असेल... मला ओळखता आलं नाही. एक कडवं होईल एवढा वेळ वाजवून त्यांनी बोटं थांबवली, जरा वाट पाहिली आणि तोच ठेका पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.